उन्हाचा हिशेब कोणाच्या वहीत?

कोरडवाहू शेतीचा उत्पादन खर्च काढायला बसले की बियाणे, खत, फवारणी, निंदण, वेचणी, बैलजोडी असे सगळे रकाने भरले जातात. शेतावर सर्वांत जास्त प्रमाणात येऊन पडणारी वस्तू मात्र कोणत्याच रकान्यात नसते. ती वस्तू म्हणजे ऊन. ते फुकट येते म्हणून त्याची नोंद नाही, अशी समजूत आहे. ते फुकट येते हे खरे, पण जाताना रिकाम्या हाताने जात नाही. आमच्या जमिनीतली ओल आणि जमिनीचा कस घेऊन जाते. या देवघेवीचा हिशेब सरकारने कधी मांडला नाही आणि आम्हीही मांडला नाही. तो आता मांडायला हवा, कारण अलीकडे उन्हाला बाजारात भाव आला आहे.

आधी आकडे पाहू. मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्यात एका चौरस मीटर जमिनीवर दिवसभरात सहा ते सात युनिट ऊर्जा पडते. युनिट म्हणजे वीजबिलावर असते तेच युनिट. एका एकरात ४,०४७ चौरस मीटर. म्हणजे एकरी रोज पंचवीस हजार युनिट. पाच अश्वशक्तीचा पंप रोज आठ तास चालवला तर एवढी वीज संपायला सव्वादोन वर्षे लागतील. एवढी ऊर्जा आमच्या एका एकरावर एका दिवसात ओतली जाते आणि संध्याकाळी आम्ही म्हणतो, आज शेतात काही काम झाले नाही!

हे ऊन जाते कुठे? थोडे जमिनीवरून परत फेकले जाते. पांढऱ्या, मुरमाड जमिनीवरून जास्त, काळ्या जमिनीवरून फार कमी. कोरडी काळी जमीन दहा-पंधरा टक्के ऊन परत पाठवते, ओली झाली की त्याहूनही कमी. बाकीचे सगळे ती पिऊन टाकते. त्यातले काही वरच्या मातीला तापवते, काही वाऱ्याला तापवते, काही रात्री आभाळाकडे परत जाते आणि जमिनीत ओल असेल तर सर्वांत मोठा वाटा त्या ओलीची वाफ करण्यात खर्च होतो. मेच्या दुपारी अनवाणी पाय ठेवता येत नाही अशी काळी माती साठ अंशांच्या वर गेलेली असते. त्याच वेळी आकाशवाणीवर सांगितलेले तापमान असते त्रेचाळीस-चव्वेचाळीस. ते सावलीतल्या हवेचे, जमिनीपासून चार फुटांवरच्या पेटीतले. बियाणे काही त्या पेटीत पेरले जात नाही.

हे नवे ज्ञान नाही. पुण्याला हवामान खात्यात १९३२ साली शेती-हवामानाचा विभाग सुरू झाला. त्याचे प्रमुख डॉ. एल. ए. रामदास यांनी त्याच दशकात काळ्या जमिनीच्या तापमानाचा बारकाईने अभ्यास केला. त्यांच्या विभागाने काळ्या मातीवर पांढऱ्या खडूच्या भुकटीचा पातळ थर पसरून पाहिला. खालची माती लगेच थंड झाली, थर काढल्यावर पुन्हा तापली. दहा एकरांवर खडू पसरायला कोणी सांगत नाही. पण जमिनीचे तोंड झाकले की तिचा ताप उतरतो, ही गोष्ट आमच्याच मातीवर नव्वद वर्षांपूर्वी मोजून झाली होती. सोलापूरचे कोरडवाहू संशोधन केंद्र १९३३ सालचे. म्हणजे शास्त्र होते, केंद्र होते, पैसा मात्र धरणांकडे गेला. कोरडवाहू शेतकऱ्याच्या वाट्याला सल्ल्याची पत्रके आली.

आता पाण्याकडे येऊ. वजनाला वजन घेतले तर पाणी एक अंश तापवायला कोरड्या मातीच्या सुमारे पाचपट उष्णता लागते. म्हणून पाणी सावकाश तापते, सावकाश निवते. शिवाय माती जिथल्या तिथे असते. ऊन वरच्या दोन-चार बोटांवर साचते आणि हातभर खोलीवर दिवस-रात्रीचा फरक जवळपास जाणवत नाही. विहिरीच्या किंवा तळ्याच्या पाण्यात मात्र ऊन खोल शिरते, आणि पाणी हलते-मिसळते. म्हणून भर दुपारी रान भाजत असते आणि विहिरीचे पाणी गार लागते.

पण पाणी नुसते गरम होणे वेगळे आणि त्याची वाफ होणे वेगळे. एक लिटर पाणी पंचवीस अंशांवरून पंचेचाळीसवर न्यायला वीस किलोकॅलरी उष्णता पुरते. त्याच एक लिटरची वाफ करून उडवायला सुमारे ५८० किलोकॅलरी लागतात. म्हणजे जवळजवळ तीसपट. उन्हाची खरी ताकद आणि खरी लूट इथे आहे. जमिनीत ओल आहे तोवर ऊन तिच्यावर खर्च होते आणि माती फार तापत नाही. ओल संपली की सगळे ऊन मातीवर आणि वाऱ्यावर पडते. मग पऱ्हाटी दुपारी माना टाकते.

आमच्या कोरडवाहू पट्ट्यात पाऊस सहाशे ते हजार मिलिमीटर. उघड्या पाण्यावरून वर्षभरात उडू शकणारे पाणी दीड हजार मिलिमीटरच्या पुढे. मेमध्ये दिवसाला एक सेंटीमीटर सहज जाते. जायकवाडीचा जलाशय पसरट आणि उथळ आहे. पूर्ण भरल्यावर त्याचा पसारा सुमारे ३५० चौरस किलोमीटर. त्यावरून दिवसाला एक सेंटीमीटर उडाले तर हिशेब येतो ३५० कोटी लिटरचा. मेपर्यंत तलाव आटून लहान झालेला असतो, तेव्हा आकडा बराच कमी धरा. तरीही लक्षात येईल की धरणात अडवलेल्या पाण्यावर पहिला हक्क सूर्य सांगतो, मग शहर, मग कारखाना आणि उरले तर शेतकरी. जमिनीत मुरलेल्या पाण्यावर सूर्याचा हक्क एवढा चालत नाही. पाऊस पडल्यावर पहिले एक-दोन दिवस ओली उघडी जमीन तळ्यासारखेच पाणी उडवते. मग वरचा पापुद्रा सुकतो आणि तोच झाकणाचे काम करतो. खालची ओल वाचते. पण काळी जमीन भेगाळली की त्या भेगांच्या भिंतींतून हात-दोन हात खोलवरची ओल उडते.

म्हणून रब्बी ज्वारीला तीन कोळपण्या सांगितल्या जातात. पेरणीनंतर तिसऱ्या आठवड्यात फटीच्या कोळप्याने, पाचव्यात अखंड पासेच्या कोळप्याने आणि आठव्यात दातेरी कोळप्याने. गवत काढणे हा त्यातला अर्धाच हेतू. खरे काम भेगा बुजवून मोकळ्या मातीचे पांघरूण घालण्याचे. आमच्या बापजाद्यांनी विहीर नसलेल्या रानात मालदांडी पिकवली ती या पांघरुणाच्या जोरावर. विदर्भातली डवरणी तीच. ज्या गावात आता बैल उरले नाहीत तिथे डवरणी गेली, तणनाशक आले. तणनाशकाने गवत मरते हे खरे, मजूर वाचतो हेही खरे, आणि ते वापरण्याचे स्वातंत्र्य शेतकऱ्याला असलेच पाहिजे. पण भेग बुजत नाही. बैल परवडत नाही आणि लहान रानाला परवडेल असे यंत्र हाती नाही, अशी कोंडी का झाली याचे उत्तर शेतीमालाच्या भावात आहे.

आता पऱ्हाटीकडे. हा विषय आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो घराघरातला आहे. वेचणी संपली की एकरी साधारण टनभर पऱ्हाटी उभी असते. ती उपटून बांधावर रचायची, घरी आणायची आणि वर्षभर चुलीत घालायची. त्यातली निम्मी तरी आंघोळीच्या पाण्यापायी जळते. हिशेब करून पाहा. पंधरा लिटरची एक बादली वीस अंशांवरून पंचेचाळीसवर न्यायला ३७५ किलोकॅलरी हव्यात. पऱ्हाटीच्या एका किलोत सुमारे चार हजार किलोकॅलरी असतात, पण साध्या चुलीत दहातला एकच भाग पाण्याला लागतो, बाकी धुरात आणि भिंतीत. म्हणजे एका बादलीला एक किलो पऱ्हाटी. घरात पाच माणसे, रोज पाच बादल्या, वर्षाला पावणेदोन ते दोन टन. दोन एकरांची पऱ्हाटी नुसती आंघोळीत गेली! आणि धूर गेला आमच्या मायबहिणींच्या डोळ्यांत आणि छातीत.

गंमत अशी की ज्या उन्हाने ती पऱ्हाटी वाढवली, ते त्याच वेळी घराच्या पत्र्यावर वाया जात असते. एक चौरस मीटर जागेवर वर्षाच्या सरासरीने दिवसाला पाच-साडेपाच युनिट ऊन पडते. त्यातले निम्मे पाण्यात उतरले तरी सहा बादल्या गरम होतात. ठिबकची काळी नळी ज्याने दुपारी सुरू करून पाहिली आहे त्याला हे सांगायची गरज नाही. पहिले पाणी हात भाजणारे येते. शहरात बंगल्यांवर सौर बंब बसले त्याला पस्तीस-चाळीस वर्षे झाली. खेड्यात ऊन जास्त, छपरे मोकळी, तरी बंब नाही. कारण बंबाचे पैसे एकरकमी लागतात आणि पऱ्हाटीचे लागत नाहीत. ज्याच्या हातात वर्षातून एकदा पैसा येतो आणि तोही सोसायटीच्या आणि सावकाराच्या वाटेने निघून जातो, त्याला हे गणित कळत नाही असे नाही, जमत नाही. काळा रंग दिलेला पत्र्याचा पिंप, उतरत्या छपरावर, वरून काच नाहीतर जाड प्लास्टिक, एवढ्यावरही संध्याकाळी कोमट पाणी मिळते. सकाळपर्यंत ते टिकत नाही, आणि पावसाळ्यात चूल पेटवावीच लागते, हे आधीच सांगून ठेवतो. फुकाच्या आशा दाखवणे हा सरकारचा धंदा आहे, आमचा नाही.

मग वाचलेल्या पऱ्हाटीचे काय? ती उभी ठेवू नका आणि बांधावर ढीगही लावू नका. अर्धवट बोंडांत गुलाबी अळी पुढच्या हंगामापर्यंत दबा धरून बसते. फरदड न घेता कुट्टी करून जमिनीवर पसरावी किंवा खड्ड्यात कुजवावी. जमिनीवर पसरलेली कुट्टी दोन कामे करते. ऊन मातीपर्यंत पोचू देत नाही आणि हळूहळू कर्ब देते. आमची माती काळी दिसते म्हणून तिच्यात कर्ब भरपूर असेल असा शहरी पाहुण्यांचा समज असतो. सेंद्रिय कर्ब अर्धा टक्कासुद्धा नाही अशी रानेच जास्त. याचे एक कारण पुन्हा उष्णताच. माती दहा अंशांनी जास्त तापली की सेंद्रिय पदार्थ कुजून उडून जाण्याचा वेग सुमारे दुप्पट होतो. पंजाबात टिकेल एवढे शेणखत आमच्या उघड्या रानात टिकत नाही.

उन्हाळी नांगरटीबद्दलही इथेच बोलून घेऊ. मेचे ऊन कोष मारते, हरळी आणि कुंदा सुकवते, तेव्हा ते फुकटचे औषधच आहे. पण तेच ऊन उघडी पडलेली माती भाजून काढते. तीन वर्षांतून एकदा खोल नांगरट आणि मधल्या वर्षांत वखरपाळी, हा जुना बेत आम्हाला शहाणपणाचा वाटतो. ट्रॅक्टर दारात आहे म्हणून दर वर्षी रान उलथायचे, त्यात डिझेलही जाते आणि कसही.

पऱ्हाटीला आता दुसरे गिऱ्हाईक आले आहे. औष्णिक वीज केंद्रांत कोळशाबरोबर पिकांच्या काडीकचऱ्याच्या कांड्या जाळाव्यात असे धोरण केंद्र सरकारने २०२१ साली ठरवले. नागपूरला कापूस तंत्रज्ञान संस्थेच्या केंद्रात पऱ्हाटीच्या कांड्या करण्याचे तंत्र तयार आहे. आमच्या दृष्टीने यात लक्षात ठेवण्याची गोष्ट एकच. कोरड्या पऱ्हाटीची उष्णता किलोला सुमारे चार हजार किलोकॅलरी, आणि आपल्या वीज केंद्रांत जळणाऱ्या देशी कोळशाचीही साधारण तेवढीच. म्हणजे टनाला टन. असे असताना बांधावर येऊन "कचरा उचलून नेतो, रान साफ करून देतो" म्हणणाऱ्याला पऱ्हाटी फुकट देणे म्हणजे खाण फुकट देणे. विकायची तर कोळशाच्या भावाने विका, आणि जमिनीतून जाणाऱ्या कर्बाचे दाम वरून मागा. नाही मिळाले तर रानात राहू द्या. तिथे तिची किंमत शून्य नाही.

कोळशाचा विषय निघालाच आहे. चंद्रपूरचे वीज केंद्र २,९२० मेगावॉटचे. तिथे होते काय? कोळसा जाळून पाणी तापवायचे, वाफेने चक्र फिरवायचे. कोळशातल्या उष्णतेच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याचीच वीज होते. बाकीची धुराड्यातून आणि थंड करणाऱ्या मनोऱ्यांतून आभाळात. त्या पांढऱ्या ढगांत पाणी असते. केंद्राच्या २०१५ च्या नियमाप्रमाणे जुन्या केंद्रांना एका युनिटला साडेतीन लिटरपर्यंत पाण्याची मुभा आहे. आमचा पाच अश्वशक्तीचा पंप तासभर चालला तर तिकडे तेरा लिटर पाणी खर्च होते. २०१० च्या उन्हाळ्यात इरई धरण आटले तेव्हा चंद्रपूरचे संच बंद ठेवावे लागले होते. जमिनीच्या पोटातली उष्णताही पाणी तापवते. किनवट तालुक्यात उनकेश्वरला, जळगाव जिल्ह्यात उनपदेवला ते पाहायला मिळते. पण पोटातून वर येणारी ही ऊब सूर्याच्या हजाराव्या हिश्श्याएवढीही नाही. भाविकांना पुरते, शेताला नाही.

कोळशाच्या धुराचा दुसरा परिणाम समुद्रावर होतो आणि तो फिरून आमच्याच बांधावर येतो. हवेतला कर्बवायू कारखानदारीपूर्वी दहा लाखांत २८० भाग होता, आता ४२० च्या वर गेला आहे. त्यामुळे अडकलेल्या जादा उष्णतेपैकी सुमारे नव्वद टक्के समुद्राने पोटात घेतली. हिंदी महासागराचा पृष्ठभाग १९५० पासून सुमारे एक अंशाने तापला. तापलेला समुद्र जास्त वाफ देतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१७ साली दाखवले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या टापूवर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. वर्षाची सरासरी भरते आणि तरी मधल्या वीस दिवसांच्या खंडात पीक जाते, हा अनुभव आम्हाला शास्त्रज्ञांच्या आधी आला.

जुनी माणसे म्हणतात, मे चांगला तापला की मृग चांगला. हॅली नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १६८६ साली असेच काहीसे मांडले होते. जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते, म्हणून वारे समुद्राकडून येतात. बंगळुरूच्या विज्ञान संस्थेतल्या डॉ. सुलोचना गाडगीळ यांनी यातली उणीव वारंवार दाखवली. पावसाच्या चांगल्या वर्षांपेक्षा दुष्काळी वर्षांतच जमीन जास्त तापलेली असते. पाऊस नाही म्हणून ती तापते, ती तापली म्हणून पाऊस येतो असे नाही. म्हणजे कडक मे पाहून पेरणीची घाई करण्यात अर्थ नाही. पहिल्या सरीनंतर मातीतून वाफ निघते तेव्हा धग अजून आत असते. त्यात टाकलेली महागडी बीटीची पिशवी उगवली नाही तर दुबार पेरणीचे पैसे कोणी देत नाही. पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस होऊ द्या.

आता भावाकडे. डॉ. गाडगीळ यांनी ज्या कोरडवाहू भुईमुगाच्या शेतकऱ्यांबरोबर पेरणीच्या वेळेवर काम केले त्यांत कर्नाटकातला पावागडा तालुका होता. त्याच पावागड्यात २०१८ पासून सुमारे १३ हजार एकरांवर सौर पट्ट्या उभ्या राहिल्या. सुरुवातीचे भाडे एकरी वर्षाला २१ हजार रुपये. आपल्याकडे मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत २०२३ साली हेक्टरी सव्वा लाख, म्हणजे एकरी ५० हजार रुपये भाडे आणि दर वर्षी तीन टक्के वाढ ठरली. आता कापूस पाहा. २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये. पाऊसमान बरे असेल आणि एकरी पाच क्विंटल झाला तर ४०,५५० रुपये. त्यातून बियाणे, खत, फवारणी, वेचणी वजा करायची. तोही भाव व्यापाऱ्याने दिला तर. त्याच हंगामात १९ ऑगस्ट ते ३१ डिसेंबर २०२५ परदेशी कापसावरचे आयात शुल्क उठवण्यात आले होते.

म्हणजे नुसते ऊन झेलण्यासाठी जमीन दिली तर सरकार एकरी पन्नास हजार मोजते. त्याच उन्हाचे शेतकऱ्याने घाम गाळून कापूस केले तर खर्चासकट चाळीस! जो कोणी जमीन भाड्याने देईल त्याला आम्ही नावे ठेवणार नाही. पण ती सोय उपकेंद्राजवळच्या मोजक्या रानांना. सौर पंपाचेही तसेच. ज्याच्या विहिरीत पाणी आहे त्यालाच पंपाचा उपयोग. विहीरच नसलेल्या कोरडवाहू शेतकऱ्याला या सगळ्या सौर क्रांतीत मिळते काय? आमचे म्हणणे सरळ आहे. सरकारनेच जमिनीच्या उन्हाचे भाडे पन्नास हजार ठरवले आहे, तर हमीभाव काढताना स्वतःच्या जमिनीचे भाडे धरणारा सी-२ खर्च बाजूला ठेवून कमी खर्चावर दीडपट मोजण्याची चलाखी कशासाठी? आणि दुष्काळ ठरवताना २०१६ च्या संहितेची पहिली चाळणी पावसाच्या तुटीचीच का? पाऊस तेवढाच पडून उन्हाने जास्त ओल नेली तर त्या गावात दुष्काळ नाही काय?

याला उत्तर मिळवायचे तर आमच्या हातात आमचे आकडे हवेत. प्रत्येक गावातल्या एका पाईकाने मार्च ते जून एवढे करावे. साठ-सत्तर अंशांपर्यंत मोजणारा तापमापक घ्यावा. दुपारी दोन वाजता दोन इंच खोलीवर एकदा उघड्या रानात आणि एकदा कुट्टीखाली तापमान पाहावे. शेजारी सरळ काठाच्या घमेल्यात पाणी भरून ठेवावे, त्यावर जाळी टाकावी म्हणजे गुरे-पाखरे पिणार नाहीत, आणि रोज सकाळी किती मिलिमीटर उतरले ते पट्टीने मोजावे. तारीख, दोन तापमाने आणि घमेल्याचा आकडा वहीत लिहावा. वह्या जूनच्या जिल्हा बैठकीत सोबत आणाव्यात. तालुकावार एकत्र करून जिल्हाधिकाऱ्यांपुढे ठेवण्याचे काम तिथेच वाटून घेऊ.